अनुच्चारित

मडुरे स्थानक मागे पडले की कोकण रेल्वे एका लांबलचक बोगद्यात शिरते आणि बाहेर येते ती गोव्यात. परवा त्या अंधारात शेजारच्या तरुणाने मोबाइलमधून डोके वर काढून विचारले, "काका, पेर्नेम आलं का?" मुलगा पुण्याकडचा असावा. बोलणे स्वच्छ, मांडीवर भलीमोठी पिशवी, हरमलच्या समुद्राकडे निघालेला. मी म्हटले, "पेडणे ना? येईलच आता." त्याने मोबाइलकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मोठ्या सौजन्याने म्हणाला, "नाही काका, मला पेर्नेमला उतरायचंय." मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने गाडी थांबली आणि आम्ही दोघे दोन वेगळ्या गावांत उतरलो. फलाट तेवढा एकच होता.

आयुष्यभर पणजीत एका वर्तमानपत्राच्या टेबलावर बसून मी दुसऱ्यांची वाक्ये दुरुस्त करत आलो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी हात शिवशिवतो. लग्नपत्रिका आली तर आधी ऱ्हस्व-दीर्घ पाहतो, मग मुलगी कोणाची ते पाहतो. मंगळसूत्राच्या जाहिरातीत ‘सुत्र’ ऱ्हस्व दिसले की मला ते सोने खोटे वाटू लागते. त्या मुलाचे पेर्नेम दुरुस्त करायचे राहिले, म्हणून घरी पोचेपर्यंत ते दाताच्या फटीत अडकलेल्या बडीशेपेसारखे छळत होते. आणि मग रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले की पोरगा चुकला होता खरा, पण अगदीच चुकला नव्हता. माझ्या पेडण्यातून मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलेली एक गोष्ट त्याच्या पेर्नेममध्ये शाबूत होती.

ती गोष्ट म्हणजे शेवटचा ‘म’. हा ‘म’ पोर्तुगिजांनी आणला. त्यांच्या लेखनात शब्दाच्या शेवटी येणारा ‘एम’ ओठ मिटून म्हणायचा नसतो. आधीचा स्वर नाकातून सोडायचा, एवढीच ती खूण. पेडण्याचा माणूस आपल्या गावाचे नाव पेडणें असे म्हणतो, शेवटी नाकात हलकीशी घंटा वाजवून. तो नाद कोणा पोर्तुगीज कारकुनाने ऐकला आणि त्याच्या शेपटाला ‘एम’ बांधला. मांद्रें, मयें, मोरजीं, पार्सें, सगळ्यांच्या शेवटी तोच. आणि डिचोलीचे झाले बिचोलिम. पुढे राज्य गेले, कारकून गेले, पाट्या उरल्या, आणि पाट्या वाचणारे नवे लोक आले. त्यांनी तो ‘म’ ओठ मिटून घट्ट म्हटला. ज्याने ऐकले त्याला आपले अक्षर नव्हते आणि ज्यांनी वाचले त्यांना आपला कान नव्हता. रोमन लिपीतला तो ‘एम’ म्हणजे आमच्या अनुस्वाराचे समुद्रापलीकडून आलेल्या माणसाने काढलेले चित्र आहे. चित्र काही हुबेहूब नाही, पण काढणाऱ्याने निदान समोर पाहून काढले होते.

मी मात्र तोच अनुस्वार लाल शाईने खोडत बसलो होतो. नियमाप्रमाणे. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि महाराष्ट्र शासनाने ते १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. त्यांतल्या एका नियमाने मराठीच्या डोक्यावरचे हजारो ठिपके एका फटक्यात उतरवले. जे अनुस्वार उच्चारले जात नाहीत ते लिहू नयेत, असा त्याचा भाव. नांव, गांव, पांच, केलें, गेलें, घरांत या सगळ्यांना एका रात्रीत हलके वाटू लागले असेल, जावळ काढलेल्या बाळासारखे. नियम शहाणा होता. व्युत्पत्तीच्या हट्टापायी पोरांनी किती ठिपके पाठ करावेत? गंमत एवढीच की त्याच १९६२ सालच्या मार्चमध्ये पणजीत ब. द. सातोसकरांच्या संपादकत्वाखाली दैनिक ‘गोमन्तक’ सुरू झाला आणि नुकत्याच मुक्त झालेल्या या प्रदेशात मराठी दैनिकाची सकाळ उगवली. नियम आणि वर्तमानपत्र जुळ्या भावंडांसारखे एका वर्षात आले. म्हणजे ज्या वर्षी आम्हांला रोज छापून बोलायला मिळाले, त्याच वर्षी आमच्या नाकातला सूर अनुच्चारित ठरला.

मी टेबलावर रुजू झालो तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. वृत्तसंपादकांनी पहिल्याच दिवशी चार पानी सूचनांचा कागद हातात ठेवला. वाक्य लहान ठेवा. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. विशेषणांवर विश्वास ठेवू नका. ‘भरधाव वेगाने’ लिहू नका. भरधावमध्ये वेग आलाच. कोण, काय, केव्हा, कुठे, का, कसे, हे सहा ककार पहिल्या दोन वाक्यांत उरका. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, बातमी उलट्या पिरॅमिडसारखी लिहा. पिरॅमिड आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता, उलटा तर इजिप्तमध्येही नसावा. तेव्हा वृत्तसंपादकांनी खिडकीतून बोट दाखवल्यासारखे करून सांगितले, "देवळासमोरची दीपमाळ डोळ्यांसमोर आण. तिचा पायथा वर कर आणि शेंडा खाली. जड ते वर, हलके ते खाली. जाहिरात आली की खालून एकेक मजला कापायचा. वरचा दिवा विझता कामा नये." अजूनही कुठल्या देवळात गेलो की मी दीपमाळेकडे पाहून नकळत मान वाकडी करतो. लोकांना वाटते, नमस्कार करतो आहे.

या दीपमाळेला जन्मात कधी जुमानले नाही ते आमच्या पेडण्याच्या वार्ताहरांनी. ते प्राथमिक शाळेत शिक्षक; सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांच्या बातम्या फुलस्केप कागदावर, दोन्ही बाजूंनी, आणि जागा संपली की समासातून उभ्या चढत जाणाऱ्या. पाकीट बसच्या कंडक्टरकडे दिले जाई आणि कोलवाळची नदी ओलांडून संध्याकाळी पणजीला पोचे. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हापासून ते पाकीट बेतीपर्यंत बसने आणि पुढे फेरीबोटीने येऊ लागले. एकेका बातमीला इतका प्रवास घडत होता की ती ताजी राहावी ही अपेक्षाच क्रूर होती. पावसाळ्यात तर पाकीट उघडले की आधी नदीचा वास येई, मग मजकूर.

मास्तरांची बातमी दशावतारी नाटकासारखी चाले. पेडण्याकडे ज्यांनी रात्र जागून दशावतार पाहिला आहे त्यांना कळेल. आधी गणपती येणार, रिद्धी-सिद्धी येणार, सरस्वती येणार, संकासूर येऊन दंगा करून जाणार. खरे आख्यान उभे राहायला मध्यरात्र उलटावी लागते आणि दहीकाला होतो तेव्हा पूर्वेला तांबडे फुटलेले असते. एकदा त्यांनी वादळी पावसाची बातमी पाठवली. तिची सुरुवात श्रीभगवतीच्या कृपाछत्राने झाली. मग आभाळ चार दिवस कसे भरून येत होते ते आले. मग यंदा काजूचा मोहोर, मग आठवड्याच्या बाजाराला कोण कोण निघाले होते, कोणाच्या डोक्यावर काय होते, आणि अकराव्या परिच्छेदात, जणू सहज आठवले म्हणून, एक वाक्य: ‘तेवढ्यांत विजेचा खांब पडला.’ त्यानंतर लगेच, ‘गोठ्यांतली म्हैस सुखरूप आहे.’ मी ते सगळे पिळून काढले आणि छापले: पेडण्यात वादळी पावसात विजेचा खांब कोसळला; जीवितहानी नाही. चार दिवसांनी मास्तर पणजीला आले. रागावले नव्हते. खुर्चीत बसून छत्री दाराशी टेकवत एवढेच म्हणाले, "म्हशीचं नाव नाही ते कळलं. पण जीवितहानीत ती धरली होतीस की नाही, हे कळलं नाही." मी खरे सांगायचे तर धरली नव्हती.

डिचोलीची तऱ्हा अगदी उलट. डिचोली हा खाणींचा तालुका. पाळी-वेळगेच्या बाजूने खनिजाचे ट्रक दिवसरात्र धावत आणि झाडांची पाने, विजेच्या तारा, शाळेतल्या पोरांचे सदरे सगळे एकाच तांबूस रंगाचे होऊन जाई. तिथल्या वार्ताहरांचे पाकीट उघडले की टेबलावर चिमूटभर लाल धूळ सांडायची. बातमी जणू आधीच कोणी लाल शाईने तपासून पाठवली आहे. मजकूर तारेसारखा: ‘ट्रक. दुचाकी. एक जखमी. नाव फोनवर.’ या माणसाला कापायला काही ठेवायचेच माहीत नव्हते. त्याची बातमी छापण्यासाठी मलाच शब्द घालावे लागत. एकाला लांबण लावली म्हणून मी छाटत होतो आणि दुसऱ्याच्या आखूड बातमीला ठिगळ जोडत होतो. दोघांच्या मधे माझी कात्री आपण फार समतोल आहोत अशा समजुतीत चालत होती.

समतोल तर दूरच, कान तरी धड होता काय? शिरगावची लईराईची जत्रा डिचोली तालुक्यातली. देवीचे व्रतस्थ भक्त होमकुंडातून जातात, त्यांना धोंड म्हणतात. हे गोव्यात पोराबाळांना ठाऊक. आमच्या टेबलावर घाटावरून नवा आलेला एक हुशार उपसंपादक होता. ‘हजारो धोंडांनी अग्निदिव्य केले’ हे वाक्य त्याच्यासमोर आले. त्याने शब्दकोश पाहिला, क्षणभर विचार केला आणि सामान्यरूप सुधारले: ‘हजारो धोंड्यांनी’. रात्री बाराला पान तपासताना माझ्या नजरेस पडले म्हणून बरे, नाहीतर सकाळी शिरगावचे दगड चालू लागले असते. त्याला हसलो खरा, पण मी स्वतः काय वेगळा होतो? त्याच काळात डिचोलीच्या शेतकरी मेळाव्याच्या बातमीत शिशाच्या खिळ्यावरचा झिजलेला अनुस्वार तुटला आणि माझ्या नजरेतून निसटला. ‘अध्यक्षांनी शेतकऱ्यांविषयी खंत व्यक्त केली’ यातली खंत गेली आणि खत उरले. दुसऱ्या दिवशी दोघेजण पोती घेऊन चौकशीला गेले म्हणे. खंतीपेक्षा खत केव्हाही उपयोगी, असे आमच्या वृत्तसंपादकांचे मत पडले. तरी खुलासा छापावा लागला.

सूचनांच्या कागदावर एक कलम होते: उपस्थितांची नावे तीनच, पुढे ‘आदी’. शहरात हे कलम बिनबोभाट चालते. पेडण्यात भजनी सप्ताह झाला की मास्तर एकवीस नावे पाठवत. पखवाज कोणाचा, समया कोणी घासल्या, पानाची तबके कोणी फिरवली, पेट्रोमॅक्स कोणाच्या घरून आला. मी पहिली तीन ठेवून उरलेली अठरा माणसे ‘आदी’ या दोन अक्षरांत कोंबत असे. पणजीच्या कुठल्याही सभागृहात इतकी माणसे मावली नसतील तितकी मी त्या शब्दात बसवली आहेत. एकदा मास्तरांच्या घरी गेलो होतो तेव्हा त्यांच्या बाईंनी चहा ठेवता ठेवता विचारले, "हे आदी म्हणजे कोण रे? प्रत्येक कार्यक्रमाला हजर असतात. बरे मोठे गृहस्थ असावेत." मास्तर वर्तमानपत्राआड गेले. कागद हलत होता, तेवढ्यावरून हसताहेत हे कळले.

दुसरे कलम प्रयोगाचे. ‘करण्यात आले’ लिहू नका. कोणी केले ते लिहा. कर्त्याला वाक्यात उभा करा. हे कलम मला आजही पटते. तरी मास्तरांच्या कागदावर पाणी बंद करण्यात येई, रस्ता खोदण्यात येई आणि तसाच ठेवण्यात येई. मी विचारले, "मास्तर, हे करतो कोण?" ते म्हणाले, "गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मग लिहून कशाला वैर?" नंतर बोलता बोलता त्यांनी सांगितले की त्यांचे लग्न मुक्तीच्या आदल्या वर्षातले. तेव्हा छापण्याआधी सगळा मजकूर पोर्तुगीज सेन्सॉरकडून संमत करून घ्यावा लागे. वर्तमानपत्रे तर होतीच, पण लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसे. ‘आमचे येथे विवाह करण्याचे योजिले आहे’ हा बेत सरकारला घातक नाही, असा शिक्का घेऊन ती पत्रिका परत आली. "एक अक्षर कापलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "जन्मात माझा मजकूर जसाच्या तसा परत आला तो तेवढाच." मी चहात पाहत राहिलो. कर्ता लपवण्याची सवय केवळ आळसाची नसते, भाषेला कधीकाळी घातलेल्या धाकाचीही असू शकते, हे व्याकरणाच्या पुस्तकात कोणी लिहिलेले मी पाहिले नाही.

अनुस्वारांकडे परत येतो. नियमाने ते सरसकट काढले नाहीत, काही ठेवले. अनेकवचनाच्या सामान्यरूपावर ठेवले आणि आदरार्थी अनेकवचनावरही. म्हणजे चोराने चोरी केली, पण मंत्र्यांनी उद्घाटन केले. चोराच्या डोक्यावर ठिपका नाही, मंत्र्यांच्या आहे. गरिबाच्या घरातून उचललेला तो कुंकवाचा ठिपका मोठ्यांच्या कपाळी शाबूत राहिला, असे मला कधीकधी वाटे. खरी पंचाईत होई ती माणूस एका गटातून दुसऱ्या गटात गेला की. एखाद्या सरपंचांना अटक झाली तर आज ‘सरपंचांनी’ लिहायचे की ‘सरपंचाने’? अटकेबरोबर अनुस्वार काढून घ्यायचा, की आरोपपत्रापर्यंत थांबायचे? आमच्या टेबलावर यावर रात्री अकरा वाजता कडाक्याचे वाद होत. शेवटी वृत्तसंपादकांनी निवाडा दिला: गुन्हा सिद्ध होईपर्यंत अनुस्वार जामिनावर सोडावा. इतका न्याय्य निर्णय मी नंतर फारसा पाहिला नाही.

मास्तरांचे अनुस्वार मात्र कुठल्याच जामिनावर सुटले नाहीत. ‘गांवांत’, ‘घरांत’, ‘पेडण्यांत’, प्रत्येक ओळीत ठिपके. मला वाटे, जुन्या वळणाचा माणूस, सवय सुटत नाही. शिवाय नव्या नियमाने ‘गावांत’ म्हणजे अनेक गावांमध्ये. वाचकांचा घोटाळा व्हायचा. मी एकेक ठिपका खोडत असे. वर्षाकाठी किती झाले असतील? आमच्याकडे पहिल्या पावसाआधी डोंगरातल्या एखाद्या झाडावर काजवे असे लगडतात की झाडच लुकलुकते. माझ्या टोपलीत इतके ठिपके साचले होते की तसे एखादे झाड सहज पेटले असते. आणि इतक्या वर्षांत मला एकदाही सुचले नाही की मास्तर जुने व्याकरण पाळत नव्हते. ते जसे बोलत होते तसे लिहीत होते. पेडण्याच्या बोलीत ‘कुठे’ म्हणजे ‘खंय’ आणि ‘काय’ म्हणजे ‘कितें’. सहातले दोन ककार तर इथे अनुस्वाराशिवाय विचारताच येत नाहीत. अनुच्चारित तो अनुस्वार नव्हताच. तो फक्त पणजीत माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत नव्हता. मीही याच मुलखातला, घरी आईशी याच नाकाने बोलणारा. पण कार्यालयाचा जिना चढताना चपलांसारखे नाकही बाहेर काढून ठेवत होतो.

परवाचा माझा प्रवास मास्तरांसाठीच होता. आता नव्वदीला आले आहेत. सोप्यावर खुर्ची, शेजारी पाटावर बाई. बाईंच्या डोळ्यांत पडदे उतरले आहेत, म्हणून सकाळचे वर्तमानपत्र मास्तर मोठ्याने वाचतात. मी उंबऱ्याशी थांबलो. पान तिसरे, स्थानिक बातम्या. बातमी अगदी नियमात बसवलेली होती. लहान वाक्ये, कर्ता जागेवर, विशेषण एकही नाही. नव्या पिढीतल्या कोणा मुलीने लिहिली असेल, कोणा मुलाने तपासली असेल. मास्तर चष्मा सावरत वाचत होते आणि प्रत्येक ‘घरात’वर, प्रत्येक ‘पेडण्यात’वर त्यांचे नाक आपले काम चोख बजावत होते. छापलेला शब्द बिनठिपक्याचा त्यांच्या डोळ्यांत शिरे आणि ठिपका लावून तोंडातून बाहेर पडे. मी इतकी वर्षे रात्री जे खोडत होतो ते पेडण्यातले वाचक सकाळी चहाबरोबर पुन्हा लावत होते. मला कोणी कळवले नव्हते, एवढेच. कळवण्यासारखे त्यात काही आहे असे कोणाला वाटलेही नसेल.

"चांदेलच्या प्रकल्पात दुरुस्ती," मास्तर वाचत होते, "उद्या गावात पाणी येणार नाही."

"खंय?" बाईंनी कानामागे हात धरून विचारले.

मास्तरांनी पान खाली केले. "आमच्या गांवांत," ते म्हणाले.

तीन झाले. मी मोजले, सवयच ती.